सामान्य नागरिकाची जीभ

तपासनीसांचा पहिला आक्षेप 'सामान्य' या शब्दाला होता.

नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा ते नुकतेच कामावरून येऊन मोजे काढत होते. एक मोजा हातात आणि दुसरा पायात अशा अवस्थेत त्यांनी ते वाचलं. उच्च रक्तदाब प्रतिबंधक सार्वजनिक आहार धोरण निवड समितीवर सामान्य नागरिक म्हणून आपली निवड करण्यात येत आहे, असा मजकूर होता. समितीचं नाव संपेपर्यंत त्यांना दम लागला. म्हणून त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, तर या खेपेला त्यांना त्यात एकच शब्द दिसला.

ते वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. लोकांच्या जिन्याखाली, माळ्यावर, कोळशाच्या खोलीत वाकून मीटरचं सील शाबूत आहे का, तारेला मध्येच कुठे फाटा फोडलाय का, हे बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे त्यांची मान थोडी पुढे आली होती आणि नजर कायमची तिरकी झाली होती. गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, तपासनीस म्हणूनच ओळखत. ते समोरून आले की घरात चोरीची वीज नसलेली माणसंही उगाच पंखा बंद करत. असा माणूस सामान्य कसा, हा प्रश्न त्यांनी बायकोला विचारला.

बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचे चुकलेले पत्ते दुरुस्त करून तिला माणसांबद्दल फारसं कुतूहल उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मग त्यांनी काय लिहायला हवं होतं?"

तपासनीस दुसरा मोजा काढायला लागले. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. एवढ्या मोठ्या शहरात नेमके आपणच का? मागे एकदा त्यांनी नगरपालिकेच्या बागेतला पाण्याचा पंप रस्त्यावरच्या दिव्याच्या तारेवर चालताना पकडला होता. त्याचा सूड म्हणून हे असेल. किंवा आपल्याला समितीत अडकवून ठेवायचं आणि तेवढ्यात कुठेतरी दुसरा पंप चालू करायचा, असाही बेत असू शकतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनी आणखी तीन-चार शक्यता काढल्या. प्रत्येक शक्यता आधीच्यापेक्षा वाईट निघाली, तेव्हा त्यांना बरं वाटून झोप लागली.

बातमी सकाळपर्यंत गल्लीभर झाली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना सल्ला देण्यासाठी कारण लागत नसे, आणि आता तर कारण आयतंच मिळालं होतं. जिन्यात गाठून त्यांनी सांगितलं, की रक्तदाब हा मुळात शिस्तीचा प्रश्न आहे, समितीने फार खोलात न जाता सगळ्या नागरिकांना पहाटे मैदानात उभं करावं. समोरच्या घरातल्या सासूबाईंचं म्हणणं पडलं, की बिस्किटांवर जबर कर बसवा, म्हणजे आमच्या सूनबाई सकाळी उठून स्वयंपाकघरात तरी जातील. सूनबाईंनी त्याच दिवशी संध्याकाळी पाण्याच्या नळापाशी हळूच सुचवलं, की घरातल्या कटकटीने रक्तदाब किती वाढतो याचाही समितीने अभ्यास करावा. तपासनीसांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाच्या मागे कुणाचा हात आहे याची मनात नोंद केली.

तिसऱ्या दिवशी खोका आला. शहरातल्या वेफर्सच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाने तो पाठवला होता. हे व्यवस्थापकही समितीवर होते. वर 'सप्रेम' एवढंच लिहिलेलं, आत बटाट्याच्या वेफर्सची खच्चून भरलेली पाकिटं. खोका पोस्टाने आला आणि तपासनीसांच्या बायकोच्याच खिडकीवर उतरला, त्यामुळे तो आलाच नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. तपासनीसांनी पोस्टात येऊन, त्याला हातही न लावता, तो तिथल्या तिथे परत पाठवायला सांगितलं. त्यांच्या आवाजात अशी धार होती की बायकोने मुकाट्याने खोका शिक्क्यासाठी पुढे सरकवला. शिक्का मारणाऱ्या गड्यानेही तपासनीसांचा चेहरा पाहून आपली निष्ठा दाखवायला शिक्के जरा जोरात हाणले. खोका कारखान्यात पोचला तेव्हा आत वेफर्सचा भुसा झाला होता. व्यवस्थापकाला वाटलं, पाकिटं पायाखाली तुडवून परत पाठवली. गल्लीत मात्र असं पसरलं, की तपासनीसांनी खोका परत केला कारण तो लहान होता.

तपासनीसांच्या स्वाभिमानाला हा दुसरा धक्का. पहिल्या बैठकीला ते इस्त्रीचा शर्ट घालून, ओठ घट्ट मिटून गेले.

बैठक नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत होती. एका टोकाला अध्यक्ष बसले होते. त्यांचा डोळा लागलाय की ते विचार करताहेत हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. त्यांच्या शेजारी आरोग्य अधिकारी, एक शांत, सडपातळ डॉक्टरीणबाई. त्यांचं बोलणं इतकं हळू होतं की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस निम्मा कबूल झालेलाच असतो, हे तपासनीसांनी ताबडतोब हेरलं. मग वेफर्सचे व्यवस्थापक, जे तपासनीसांकडे बघत नव्हते. मग रुग्णांचे प्रतिनिधी म्हणून आलेले एक म्हातारे ग्रंथपाल, मांडीवर फुगलेली फाइल घेऊन. आणखी दोन-तीन माणसं मान डोलावायला होती. कोपऱ्यातल्या टेबलावर नियमांचं पुस्तक उघडून समितीचा कारकून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी कामाला सुरुवात केली. शहरात रक्तदाब वाढत चाललाय, औषधं देऊन तो खाली आणण्यापेक्षा मुळात चढूच नये हे बरं, आणि त्यासाठी माणसं एकेकटी काय खातात यापेक्षा सगळ्या शहराच्या ताटात काय पडतं ते बदलायला हवं, असं त्या म्हणाल्या. समितीपुढे चार मार्ग होते. खाणावळींच्या टेबलांवरून मिठाच्या डब्या काढून टाकायच्या. खारट पाकिटांवर मोठी लाल खूण छापायला लावायची. त्यांच्यावर कर बसवायचा. किंवा बेकऱ्यांमधल्या पावात मीठ हळूहळू कमी करत न्यायचं. यातला एक मार्ग निवडायचा होता, कारण एकापेक्षा जास्त कामांसाठी माणसं नव्हती.

मग त्यांनी, विषयाची जाण यावी म्हणून, सगळ्यांचा रक्तदाब मोजायचं ठरवलं.

तपासनीसांच्या दंडाला पट्टा गुंडाळला गेला, फुगला, सुटला. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा फुगवला. मग त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, की आकडा बराच वर आहे.

तपासनीसांनी मीटरच्या बाबतीत जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. हे यंत्र शेवटचं कधी तपासलं, त्यांनी विचारलं. मग ते उलटं करून बघितलं. सील कुठेच नव्हतं. सील नसलेल्या मीटरचं रीडिंग आपल्या खात्यात ग्राह्य धरत नाहीत, असं त्यांनी बैठकीला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी वाद न घालता कपाटातून दुसरं यंत्र काढलं. त्यानेही तोच आकडा दाखवला, किंबहुना थोडा चढताच. तपासनीसांनी दोन्ही यंत्रांवरचं नाव वाचलं. एकाच कारखान्याची होती. मग काय बोलायचं.

पण खरी अडचण पुढेच होती. म्हाताऱ्या ग्रंथपालांचा रक्तदाब मोजला तर तो लख्ख, नको तितका योग्य निघाला. कारकुनाने नियमांचं पुस्तक जवळ ओढलं. सामान्य नागरिक हा सदर आजारापासून मुक्त असला पाहिजे आणि रुग्ण प्रतिनिधी हा सदर आजाराने ग्रस्त असला पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. सबब दोघांनी खुर्च्यांची अदलाबदल करावी, हे त्याला सोयीचं वाटत होतं.

ग्रंथपाल जागचे हलले नाहीत. "मी पेशंट आहे," ते म्हणाले. "माझा आकडा गोळ्यांनी उतरलाय. माझ्याकडे ही फाइल आहे. यांच्याकडे काय आहे?"

तपासनीसांकडे खरंच काही नव्हतं. बराच काथ्याकूट झाला. अध्यक्षांनी डोळे उघडून मिटले. शेवटी कारकुनाने तोड काढली आणि इतिवृत्तात तपासनीसांच्या पदापुढे कंसात 'तपासणी बाकी' असं लिहिलं. ज्या माणसाला सामान्य म्हटलेलं सहन झालं नव्हतं, त्याचं आता सामान्यपणही कच्चं ठरलं.

बैठक संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना दाराशी थांबवलं. एका दिवसाच्या मापावरून काही ठरत नाही, पण दवाखान्यात येऊन जा, तोवर मीठ जरा बेताने खा, असं म्हणाल्या. तपासनीसांनी हो म्हटलं आणि न जायचं ठरवलं. घरी ते काही बोलले नाहीत. बायकोला कळलं तर ती घाबरेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं तर ती घाबरणार नाही, शांतपणे 'मला वाटलंच होतं' म्हणेल, याची त्यांना जास्त भीती होती.

ती भीती फार दिवस बाळगावी लागली नाही. समितीचा कारकून इतिवृत्ताच्या प्रती रजिस्टर पोस्टाने पाठवायला गेला आणि खिडकीवर बसलेल्या बाईंना त्याने आदराने विचारलं, की सामान्य नागरिक, तपासणी बाकी, हे आपलेच ना?

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरून मिठाची डबी गेली. तपासनीसांनी विचारलं, तर बायको म्हणाली, धुवायला घेतलीय. दुसऱ्या दिवशीही ती धुवायलाच घेतलेली होती. आठवडाभर कुठल्या डबीला आंघोळ घालतात, असा प्रश्न तपासनीसांच्या ओठावर आला होता, पण विचारलं असतं तर पुढचाही विषय निघाला असता. सूप पाणचट लागायला लागलं. उकडलेली अंडी तर नुसती ओली लागायची. जिथे पुरावा हवा तिथे रीडिंग घ्यायचं, ही त्यांची सवय. बायको आंघोळीला गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवर, मीठ जिथवर होतं तिथे, पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी साखरेच्या बरणीवर रेघ होती. चहाच्या डब्यावर होती. दुधाच्या भांड्यावर, दाढीच्या साबणावर आणि त्यांच्या केसांच्या तेलाच्या बाटलीवरही होती, आणि तेलाच्या रेघेपुढे एक लहानसं प्रश्नचिन्ह होतं. तपासनीसांनी आपली रेघ निमूटपणे पुसली. फक्त जेवताना बायको म्हणाली, "दवाखान्यात कधी जाताय?" आणि ते म्हणाले, "समितीचं काम संपू दे."

दुसऱ्या बैठकीत चर्चा पेटली. वेफर्सचे व्यवस्थापक म्हणाले, की त्यांना लोकांच्या आरोग्याची इतकी काळजी आहे, की कर किंवा लाल खूण असले वरवरचे उपाय त्यांना पटत नाहीत, त्यापेक्षा व्याख्यानं ठेवावीत, हवं तर कारखाना सतरंज्या देईल. ग्रंथपालांना मिठाच्या डब्या काढायच्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पावाचा मार्ग पुढे केला. आपण ताटात वरून घेतो त्यापेक्षा किती तरी मीठ पावासारख्या रोजच्या वस्तूंतून नकळत पोटात जातं, आणि ते थोडं थोडं कमी केलं तर कुणाला पत्ताही लागत नाही, असं त्यांनी सांगितलं.

इथे तपासनीस उठून उभे राहिले. इतके दिवस घरात जे बोलता आलं नव्हतं ते सगळं आता बाहेर पडलं. पत्ता लागत नाही म्हणजे काय? लोक काय लाकडाच्या जिभेचे आहेत? आपण स्वतः चिमटीभर मीठ इकडचं तिकडे झालं तरी पहिल्या घासाला ओळखतो. सूप असो, अंडं असो, पाव असो. या जिभेला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही, आणि सामान्य नागरिकाच्या जिभेला गृहीत धरण्याचा हा प्रकार आपण चालू देणार नाही. भाषण चांगलं झालं. मान डोलावणाऱ्यांनी मान डोलावली. अध्यक्षसुद्धा जागे झाले.

डॉक्टरीणबाईंनी भाषण पुरतं संपू दिलं. मग सवयीपेक्षाही हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत तर कुणाच्याच लक्षात आलं नाही."

सगळे पुढे वाकले. तपासनीसही वाकले. हळूहळू जे बाहेर आलं ते असं. तपासनीसांच्या गल्लीच्या तोंडाशी जी बेकरी होती, तिथला बेकरीवाला आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून वर्षभर पावातलं मीठ उतरवत आणत होता. गल्ली रोज तो पाव खात होती. आणि समितीवर त्याच गल्लीतला एक नागरिक हवा, म्हणून तिथल्या घरांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलली होती.

"चिठ्ठी उघडल्यावर कळलं, की तुम्ही मीटर तपासनीस आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग वाटलं, तुमच्याही लक्षात आलं नसेल तर याहून चांगला पुरावा कुठला."

त्यांना यात कौतुक करायचं होतं की काय, कोण जाणे. तपासनीस खाली बसले. नेमके आपणच का, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा संशय पुरेपूर खरा ठरला होता, पण त्याचा आनंद काही होईना. ते बैठक अर्धी टाकून निघाले ते थेट बेकरीत.

बेकरीवाला गोलमटोल, गोडबोल्या माणूस. अंगावर कायम पिठाची साय. त्याने काही लपवलं नाही, उलट स्टूल पुढे सरकवलं. "थोडं थोडंच काढत गेलो, साहेब," तो म्हणाला. "आणि मधे एकदा तुम्हीच इथे उभं राहून म्हणालात, पाव हल्ली चांगला व्हायला लागलाय."

तपासनीसांना ते आठवलं. तेव्हा त्यांनी वर एक केकही विकत घेतला होता, बेकरीवाल्याला बक्षीस दिल्यासारखा. आता त्यांना वाटलं, आपल्याच घराच्या भिंतीतून कुणीतरी वर्षभर तार ओढून नेली आणि आपण रोज तिच्यावर टोपी टांगत होतो.

मताचा दिवस आला. व्याख्यानवाले, डब्यावाले आपापल्या जागी अडले होते, पण डब्यावाल्या ग्रंथपालांनी ऐनवेळी पावाच्या बाजूने वजन टाकलं, आणि मतं अगदी बरोबरीत आली. तपासनीसांचं एकट्याचं उरलं. व्यवस्थापक आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसले. ज्या माणसाला असं बनवलं गेलं तो पावाच्या बाजूने जाणार नाही, हे त्यांना उघड दिसत होतं.

तपासनीसांनी रात्रभर यावर विचार केला होता. अपमान तर होताच. पण दवाखान्यात न जाण्याची इतकी कारणं शोधणारा माणूस, आपलं आपण मीठ कमी करेल का, या प्रश्नाचंही उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, की पावातलं मीठ कमी व्हावं, सगळ्या शहरात व्हावं. पण प्रत्येक बेकरीबाहेर तशी पाटी लागली पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी समजावून पाहिलं. लोकांना एकदा सांगितलं, की चव बिघडते, त्या म्हणाल्या, मिठामुळे नाही, सांगण्यामुळे.

"मी मीटर बघायला जातो तेव्हा आधी दार वाजवतो," तपासनीस म्हणाले. "आत चोर आहे हे माहीत असलं तरी वाजवतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि पाटीला होकार दिला. धोरण मंजूर झालं. त्या संध्याकाळी तपासनीस ताठ मानेने घरी आले. इतकी ताठ, की जिन्याखालच्या तुळईला कपाळ आपटलं.

पाट्या लागल्या. 'या बेकरीतील पावात आपल्या आरोग्यासाठी मीठ कमी केले आहे.' अक्षरं ठसठशीत, लांबून वाचता येतील अशी. आता शहरातल्या इतर बेकऱ्यांत मीठ उतरवायला नुकती सुरुवात होणार होती, पण तपासनीसांच्या गल्लीतल्या बेकरीत काहीच बदलायचं नव्हतं. तिथे ते आधीच उतरलं होतं. काल जो पाव होता तोच आज होता, फक्त डोक्यावर पाटी आली.

पहिल्याच सकाळी मास्तर पावाचा तुकडा हातात घेऊन खाली आले आणि हा पाव आहे की कापूस, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंना घास उतरेना, सूनबाईंनाही उतरेना, आणि त्या घरात त्या दोघींचं प्रथमच कशावर तरी एकमत झालं. तपासनीस जिन्यात उभे राहून प्रत्येकाला समजावत होते, की हा तोच पाव आहे, वर्षभर तुम्ही हाच खाताय. पण वर्षभर फसवलं गेलं असं ऐकायला कोण तयार असतो. त्यापेक्षा तपासनीसांना बेकरीवाल्याने विकत घेतलंय, हे समजायला सोपं होतं. वेफर्स लहान पडले, पाव पुरले, असं कुणीतरी नळापाशी म्हणालं.

घरीही तेच. बायकोने एक काप कसाबसा संपवला आणि ताटली बाजूला सारली.

"तोच पाव आहे गं," तपासनीस म्हणाले.

"तोच कसा असेल? मी पाटी वाचली ना."

त्यांनी स्वतःचा काप तोंडात घातला. पहिला घास बरा होता. दुसऱ्या घासाला त्यांनी लक्ष दिलं, आणि तिसऱ्या घासाला त्यांना शपथेवर सांगता आलं असतं, की पाव ठार अळणी आहे. सगळं ठाऊक असलेल्या जिभेने असं करावं याचा त्यांना मनस्वी राग आला. ते चहाबरोबर गिळत राहिले, कारण गल्लीत हा पाव खाणारे आता ते एकटेच उरले होते.

मग पुलापलीकडचा पाव निघाला. पुलापलीकडे नगरपालिकेची हद्द संपायची, त्यामुळे तिथे पाट्या नव्हत्या. तिथल्या एका छोट्या दुकानात तपकिरी कागदात बांधलेला, हिरव्या दोऱ्याचा पाव मिळतो, आणि त्याला खरी जुनी चव आहे, असा शोध मास्तरांनी लावला. बघता बघता सगळी गल्ली सकाळची पूल ओलांडायला लागली. मास्तर ज्या शिस्तीसाठी लोकांना पहाटे मैदानात उभं करणार होते, ती आपसूकच आली. सासूबाईंचे गुडघेही सुधारल्यासारखे दिसू लागले. एका रविवारी तपासनीसांच्या बायकोनेही तो पाव आणला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

तपासनीसांनी खाल्ला. अप्रतिम होता. भरदार, खमंग, मीठ कसं जिथल्या तिथे. त्यांनी दुसरा काप घेतला आणि तो उलटा केला. खालच्या एका कोपऱ्यात पावाला लहानशी खोच होती. तशी खोच त्यांनी कुठेतरी पाहिली होती. ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन गल्लीतल्या बेकरीचा शिळा पाव घेऊन आले आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोघांनाही त्याच कोपऱ्यात तीच खोच. साचा एकाच जागी चेपलेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते पुलापलीकडच्या दुकानासमोर झाडाआड उभे होते. आयुष्यभर चोरीची तार शोधणाऱ्या माणसाला उभं कुठे राहायचं हे शिकवावं लागत नाही. एक टेम्पो आला. त्यातून पिठाची साय अंगावर घेऊन बेकरीवाला उतरला आणि पावांच्या करंड्या आत द्यायला लागला. तपासनीस पुढे झाले. बेकरीवाला दचकला, पण पळाला नाही.

"यात मीठ किती?" तपासनीसांनी विचारलं.

"तेवढंच, साहेब."

"आणि जुन्या चवीचा म्हणून विकतोस?"

"वर्ष झालं की या चवीला," बेकरीवाला म्हणाला. "जुनीच म्हणायची आता."

तपासनीसांनी उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. त्यांना दाराबद्दल काहीतरी बोलायचं होतं, वाजवण्याबद्दल. पण एवढ्यात पुलावरून मास्तर येताना दिसले, पिशवी हलवत, जवळजवळ शीळ घालत. तपासनीस पुन्हा झाडाआड गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी पाव घेतला, तिथेच कागद उकलून एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. इतकं समाधान त्या चेहऱ्यावर तपासनीसांनी कधी पाहिलं नव्हतं. आता पुढे होऊन सांगायचं, की मास्तर, हाच तुमचा कापूस. बरोबर होतं ते. खरंही होतं. मास्तर जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले आणि मग घरी आले.

घरी बायको पाव कापत होती आणि गुणगुणत होती. पाटी लागल्यापासून हे पहिल्यांदाच. "कुठे गेला होतात?" तिने विचारलं.

"पाय मोकळे करायला," तपासनीस म्हणाले. तिने त्यांच्या बुटाला लागलेला पुलापलीकडचा लाल चिखल बघितला. आज दवाखान्यात जाता का, एवढंच म्हणाली. त्यांच्याजवळ त्या घटकेला नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते गेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या. तपासनीसांना बघून त्यांनी ना आश्चर्य दाखवलं ना आनंद. खुर्ची दाखवली, बाही वर करायला सांगितली. पट्टा गुंडाळता गुंडाळता त्यांनी विषय काढला. इतर बेकऱ्यांमधून तक्रारी येताहेत, लोक पाटी वाचून पाव परत करताहेत. समितीची पुन्हा बैठक घेता येईल. "पाट्या काढून टाकायच्या का?" त्यांनी विचारलं. "तुमची अट होती, म्हणून तुम्हाला आधी विचारते."

तपासनीसांनी समोरच्या भिंतीवरच्या मीटरचं सील सवयीने बघून घेतलं.

"काढू नका," ते म्हणाले. "सांगायला तर हवंच." मग घसा खाकरला. "अक्षरं जरा बारीक केलीत तरी चालतील."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पट्टा फुगवायला घेतला. तपासनीसांची नजर, जशी कुठल्याही खोलीत जायची तशी, टेबलाखाली गेली. तिथे डॉक्टरीणबाईंची कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून तपकिरी कागदाचं एक टोक बाहेर आलं होतं, हिरव्या दोऱ्याने बांधलेलं. पुलापलीकडे बिनपाटीचा पाव विकायची युक्ती त्या बेकरीवाल्याला एकट्याला सुचली असेल, हे त्यांना आता मुळीच खरं वाटेना. त्यांनी मान वर केली आणि विचारायला तोंड उघडलं.

"माप घेताना बोलू नका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आकडा उगाच चढतो."

तपासनीसांनी तोंड मिटलं.